गुडघ्याच्या मापाची चुंबळ

चुंबळ म्हणजे काय, हे असल्फ्यातल्या आजच्या पोरींना विचाराल तर त्या तुमच्या तोंडाकडे बघत राहतील. डोक्यावर हंडा घेताना खाली ठेवायची कापडाची गोल गुंडाळी, एवढंसुद्धा सांगावं लागतं हो. त्यांचा तरी काय दोष? नळ घरात आला, हंडा डोक्यावरून उतरला आणि चुंबळ गेली. पण ह्याच असल्फ्यात, घाटकोपरच्या टेकडीच्या पायथ्याला, अंजनाबाई रोज दुपारी गाळ्याच्या दारात बसून चुंबळी वळत असे. त्या चुंबळी जायच्या कुठे, ते ऐकलंत तर हसाल. कॉलेजांत जायच्या, औषधांच्या कंपन्यांत जायच्या, पांढरे कोट घालून माणसं फिरतात अशा ठिकाणी जायच्या.

कारण तिचा नवरा कुंडलिक काच फुंकायचा. पोरवयात परभणीकडून मुंबईला आला, ट्रॉम्बेच्या बाजूला एका कारखान्यात काचेच्या नळ्या पुसायला लागला आणि पुसता पुसता ज्योतीवर काच वळवायला शिकला. पुढे स्वतःचा गाळा टाकला. शाळेच्या पुस्तकात ज्याला चंबू म्हणतात आणि धंद्यात सगळे फ्लास्क म्हणतात, ते तो बनवायचा. कळशीएवढे मोठे फ्लास्क त्याच्याकडे बनत नसत, पण त्यांची मान मोडली की जोडून घ्यायला लोक त्याच्याकडेच येत. आता ह्या फ्लास्कचं बूड असतं गोल. खाली ठेवला की लवंडलाच. बाजारात त्याच्यासाठी बुचाच्या कड्या मिळतात, पण नव्या संसारात तेवढीही ऐपत नव्हती. एकदा दिवसभर खपून जोडलेला फ्लास्क घरंगळत जाऊन फुटला, तेव्हा अंजनाबाई अशी काही वैतागली, की तिने जुन्या लुगड्याची पट्टी टरकन फाडली, चुंबळ वळली, दुसरा फ्लास्क तिच्यावर बसवला आणि म्हणाली, आता जातो कुठं मेला, बघू.

तो कुठंच गेला नाही. गिऱ्हाईक मात्र फ्लास्क चुंबळीसकट उचलून घेऊन गेलं, आणि पुढच्या खेपेला स्वतःहून चुंबळ मागायला लागलं. तेव्हापासून कुंडलिकच्या हातची काच अंजनाबाईच्या चुंबळीशिवाय गाळ्याबाहेर पडली नाही. लहान फ्लास्कला मुठीचं माप, मोठ्याला गुडघ्याचं. पट्टी गुडघ्याभोवती फिरवायची, काठ बाहेरच्या अंगाला ठेवायचा, शेवट खालून आत खोचायचा आणि वर लाल दोऱ्याचा एक टाका. तो टाका घातल्याशिवाय तिला चैन पडायची नाही. काचेच्या बाजारात निमेश नावाचा मोठा व्यापारी होता, तो तर फ्लास्क न उचलता नुसती चुंबळ बघून सांगायचा, हा कुंडलिककडून आला.

कुंडलिकला त्याचा केवढा अभिमान. त्याने एकच नियम केला होता, आणि तो दहा जणांना ऐकवला होता. चुंबळ विकायची नाही. आपली काच असेल तरच तिच्याखाली आपली चुंबळ. कोणी नुसती चुंबळ मागितली तर हा बाबा हात जोडून नाही म्हणायचा. अंजनाबाईला ते कधी कधी लागायचं. काच तुमची, तिचे पैसे घेता. चुंबळ माझी, ती फुकट का, असं तिच्या ओठावर यायचं आणि ती गिळून टाकायची.

उन्हाळ्यात कुंडलिकच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. डॉक्टरांनी धूळ आणि जाळ दोन्ही बंद केलं म्हणून लेकीने, दिपालीने, त्याला मुलुंडला आपल्या घरी नेऊन ठेवलं. अंजनाबाई मात्र रोज गाळा उघडून बसायची. कोणी जोडलेली काच न्यायला आलं तर परत जाऊ नये, एवढ्याचसाठी. अशात एका दुपारी एक माणूस आला. तिशीतला, स्वच्छ शर्ट, हातात हेल्मेट. भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर बघून आधी तिच्यापुढे वाकला आणि मग म्हणाला, "जय भीम, मावशी."

त्याने नाव सांगितलं आकाश. शहराबाहेर रंगाचा छोटा कारखाना आहे म्हणाला. काच दुसरीकडून घेतली होती, पण मोठे फ्लास्क सारखे लवंडतात, फुटतात. निमेशशेठच्या दुकानात तुमची चुंबळ बघितली, तशा पाहिजेत, सगळ्या मोठ्या मापाच्या. अंजनाबाईने नियम सांगितला. तो काही हट्टाला पेटला नाही. चहा मात्र प्याला, आणि पिता पिता आईबद्दल बोलायला लागला. आई बीडकडची, टँकर आला की दोन हंडे एकावर एक घेऊन चढ चढायची, तिची चुंबळ अशीच, काठ बाहेर. ती गेली त्यानंतर चुंबळ बघितली नव्हती, म्हणाला. मग त्याने कोपऱ्यातली एक चुंबळ उचलून सरळ डोक्यावर ठेवली आणि लहान पोरासारखा हसला.

काय सांगू, बाई विरघळली. गुडघ्याच्या मापाच्या चुंबळी वळायला बसली. कापड पुरेना. शेजारणींकडच्या जुन्या साड्या संपल्या तेव्हा तिने पेटीतली दिपालीच्या हळदीची पोपटी साडी काढली. तिच्यावर हळदीचे डाग तसेच होते, दिपाली ती परत नेसणार नव्हतीच. हात जरा अडखळला, पण फाडली. आकाश ठरल्या दिवशी आला, पेढ्यांचा बॉक्स ठेवला, पैसे तिच्या मुठीत दिले आणि पाया पडला. जाताना म्हणाला, अजून लागतील मावशी, दिवाळी झाली की येतो.

जन्मात पहिल्यांदा तिच्या एकटीच्या हातची कमाई होती ती. त्यातून तिने कुंडलिकला ऑपरेशननंतरचा नवा चष्मा करून दिला, आणि विचारलं तेव्हा म्हणाली, भिशी लागली. त्या आठवड्यात ती गल्लीतून चालायची ती जरा मान वर करूनच.

पुढं गणपती झाले. कुंडलिक घरी परतून पुन्हा ज्योतीपुढे बसायला लागला होता. एका रविवारी दिपाली माहेरी आली होती. जेवण झाल्यावर मोबाईल बघत लोळली होती, आणि एकदम म्हणाली, बघ गं आई, काय काय करतात लोक. बातम्यांचा व्हिडिओ होता. शहराबाहेर एका बंद पोल्ट्रीच्या शेडमध्ये पोलिसांनी धाड घालून एमडीचा कारखाना पकडला होता. एमडी म्हणजे काय हे अंजनाबाईला ठाऊक होतं. टेकडीवरची दोन पोरं तिच्या डोळ्यांदेखत त्या नशेच्या पावडरीपायी वाळून काटकी झाली होती, त्यातला एक गेला. व्हिडिओत तोंडावर काळी फडकी बांधलेली माणसं खाली मान घालून उभी होती. मग कॅमेरा टेबलाकडे वळला. टेबलावर मोठे फ्लास्क ओळीने मांडले होते, आणि एकही लवंडत नव्हता.

प्रत्येकाच्या खाली चुंबळ होती. एकीचा रंग पोपटी, आणि पोपटीवर पिवळा डाग.

अंजनाबाईने भिंत धरली. दिपालीला काही कळलं नाही. स्वतःची हळदीची साडी तिच्या समोर व्हिडिओतल्या टेबलावर पडली होती, आणि ती बोट सरकवून पुढच्या व्हिडिओवर गेली. अंजनाबाई मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली. बाहेर बापलेक कशावरून तरी हसत होते. तो हसण्याचा आवाज तिला सहन होईना.

तिथून पुढे भीती घरात राहायला आली म्हणा ना. गाळ्यातल्या तयार चुंबळी तिने गोणीत भरल्या आणि माळ्यावर टाकल्या. कुंडलिक विचारायला लागला, चुंबळी कुठं आहेत गं, फ्लास्क कशावर ठेवू? ती म्हणाली, उंदरांनी कुरतडल्या. नव्या वळ, तो म्हणाला. तिला वळवेनात. पट्टी हातात घेतली की ते टेबल डोळ्यांपुढे यायचं. गल्लीत बाईकचा हॉर्न वाजला तरी ती दार लोटून घ्यायची. जेवण जाईना. शेजारची म्हणाली, शुगर तपासून घ्या.

त्यात एक दिवस बातमी आली, की निमेशशेठला पोलिसांनी दुकानातून उचललं. बनवणारे सापडले होते, आता पोलीस त्यांना सामान पुरवणाऱ्यांच्या मागे लागले होते. काच कोणी दिली, ड्रम कोणी दिले, शेगड्या कुणाच्या, एकेकाकडे गाडी जात होती. काचेच्या बाजारात शटरं खाली झाली. कुंडलिक मात्र निवांत. आपण काही दिलं नाही, आपल्याला कशाची भीती, असं म्हणत तो ज्योतीपुढे बसायचा, आणि हिची नजर माळ्याकडे जायची. ह्या गुन्ह्यात लवकर जामीन होत नाही, वर्षं वर्षं माणूस आत राहतो, हे तिने ऐकलं होतं. डोळ्यात अजून थेंब घालावे लागणारा हा माणूस कोठडीत कसा राहील? त्याला थेंब कोण घालणार?

मग सांगून का टाकलं नाही, असं तुम्ही म्हणाल. सांगणार होती हो, शंभरदा सांगणार होती. पण कुंडलिकला सांगणं म्हणजे काय, ते तिलाच माहीत. तो त्याच पावली चप्पल घालून पोलीस ठाण्यात गेला असता आणि साहेबापुढे उभा राहून सगळं बोलला असता. त्याच्या सरळपणाची तिला पोलिसांपेक्षा जास्त भीती वाटत होती. आणि चोरून नियम मोडला, वर खोटं बोलले, ह्याची लाज होतीच. आज नको उद्या, उद्या नको परवा, असं करत ती गप्प राहिली, आणि एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली.

पुढे होत्या सपना मॅडम, फौजदार. वयाने दिपालीएवढ्याच, आवाज शांत. मागे चार शिपाई. त्यांनी कुंडलिकला ज्योत विझवायला लावली आणि गाळा उलटापालटा केला. नळ्यांचे गठ्ठे, खोकी, कपाट, सगळं बाहेर. गल्ली दाराशी जमली, शिपायाने हाकलली. अंजनाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. माळ्यावरची गोणी कोणी अजून बघितली नव्हती. तिने मनातल्या मनात म्हटलं, बघू नका, बघू नका, आणि निघून जा.

मॅडमनी पिशवीतून काहीतरी काढून कुंडलिकपुढे धरलं. पोपटी चुंबळ.

"काका, ही ओळखता?"

कुंडलिकने नवा चष्मा डोळ्यांवर नीट बसवला. चुंबळ हातात घेऊन फिरवली, काठ बघितला, लाल टाका बघितला. आणि त्याचा चेहरा खुलला. अंजनाबाईला ओरडून सांगायचं होतं की बोलू नका, पण मॅडम समोरच उभ्या होत्या.

"आमचीच की," कुंडलिक म्हणाला. "हिच्या हातची. पण मॅडम, आम्ही चुंबळ कधी विकत नाही. ज्या काचेखाली ही चुंबळ, ती काच माझ्या हातून गेलेली. बाजारात कुणालाही विचारा."

अरे देवा! एवढ्या वर्षांचा अभिमान त्याने एका दमात पोलिसांच्या ओंजळीत टाकला. मग मॅडमनी सांगितलं, की ही चुंबळ कुठे सापडली, कशाखाली सापडली आणि त्या फ्लास्कमध्ये काय शिजत होतं. मी एवढी मोठी काच बनवत नाही, असं कुंडलिक पुटपुटायला लागला, पण जोडता ना, मान जोडता ना, असं एका शिपायाने विचारलं आणि त्याने होय म्हटलं. खोटं बोलायची सवयच नव्हती. शिपायाने त्याच्या दंडाला हात घातला. मॅडम म्हणाल्या, चला काका, चप्पल घाला.

कुंडलिक चप्पल शोधायला लागला. ती समोरच होती, त्याला दिसेना. ते बघून अंजनाबाई चौकट सोडून पुढे झाली. भीती गेली असं मुळीच नाही. पण नवरा वाकून चाचपडत होता आणि चप्पल तिच्याच चुकीमुळे घालत होता.

"त्यांनी नाही दिली," ती म्हणाली. "मी दिल्या. नुसत्या चुंबळी दिल्या, काच नाही. ह्यांना काहीच माहीत नाही."

मॅडमनी तिच्याकडे वळून बघितलं. नवऱ्याला वाचवायला सगळ्या बायका असंच बोलतात, असं त्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. अंजनाबाईने एका श्वासात सगळं सांगितलं: आकाश, हेल्मेट, त्याची आई, लेकीची साडी. माळ्यावरच्या गोणीचंही सांगितलं. शिपायाने गोणी खाली ओतली तसा गाळाभर चुंबळींचा ढीग झाला. त्यात मुठीच्या मापाच्या होत्या, गुडघ्याच्या होत्या, पण पोपटी एकही नव्हती. मॅडमनी काच पुसायचं एक जुनं फडकं उचलून तिच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, माझ्यासमोर वळा.

परक्या पुरुषांपुढे ती जमिनीवर बसली, गुडघा वर केला आणि त्याच्याभोवती फडकं फिरवायला लागली. पहिल्यांदा ते सुटून पडलं. दुसऱ्यांदा जमलं. दोरा सुईत जाईना, तो मॅडमनी ओवून दिला. तयार झालेली चुंबळ त्यांनी पोपटी चुंबळीवर ठेवली. सुतभर इकडे नाही की तिकडे नाही, दोन्ही एकावर एक बसल्या, टाक्यावर टाका आला. मॅडमनी शिपायाला काकांचा हात सोडायची खूण केली.

कुंडलिकने चष्मा काढला. हातात धरून बघत राहिला.

"भिशी लागली होती ना?" त्याने विचारलं.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने चष्मा बर्नरशेजारी ठेवला आणि ट्रंकेतून जुना, एका काडीला दोरा बांधलेला चष्मा काढून घातला.

दोघांनाही गाडीतून नेलं. पोलीस ठाण्यात तिच्यापुढे पकडलेल्या माणसांचे फोटो मांडले. ती एकेक फोटो बघत गेली, परत पहिल्यापासून बघितले. त्यात आकाश नव्हता. तिने तसं सांगितलं आणि सांगता सांगताच तिच्या ध्यानात आलं. म्हणजे तो बाहेर होता. त्याला गाळा माहीत होता, गल्ली माहीत होती, मुलुंडला लेक असते हेसुद्धा चहा पिता पिता तिनेच कौतुकाने सांगितलं होतं. मॅडमनी विचारलं, परत येतो असं काही म्हणाला होता का? अंजनाबाईने मान हलवली. दिवाळी झाली की येतो म्हणाला होता. किती आनंद झाला होता तिला तेव्हा त्या वाक्याचा!

मॅडमनी आडपडदा ठेवला नाही. तो माणूस सापडेपर्यंत तुमच्यावरचा आणि काकांवरचा संशय जाणार नाही, म्हणाल्या. त्याला आणायचं तुमच्या हातात आहे. गल्लीत कोणी विचारलं तर गॅस सिलिंडरची तपासणी होती असं सांगा, गाळा उघडा ठेवा, चुंबळींची माळ करून दारावरच्या खिळ्याला टांगा. समोर इस्त्रीवाल्याच्या टेबलामागे आमचा माणूस साध्या कपड्यांत असेल. आकाश आला, तुम्ही ओळखलंत, की उठायचं आणि माळ खाली काढायची. बस, एवढंच.

एवढंच म्हणे! दिवाळी झाली, आणि अंजनाबाई दारात बसायला लागली. डोक्यावर खिळा, खिळ्याला माळ. हात चुंबळ वळायचे आणि कान गल्लीच्या तोंडाशी. येऊ दे एकदाचा, असं एक मन म्हणायचं, कारण तो आला तरच घरच्या माणसावरचा संशय जाणार होता. येऊच नको रे बाबा, असं दुसरं म्हणायचं, कारण तो एकटा येईल की चाकू घेऊन येईल, कोणाला ठाऊक? आत कुंडलिक जुना चष्मा लावून काच फुंकायचा. तो कामापुरतं बोलायचा. नवा चष्मा बर्नरशेजारी तसाच पडून होता, त्याच्यावर धूळ बसली होती.

एका दुपारी इस्त्रीच्या टेबलापलीकडून बाईक आली आणि दारात थांबली. हेल्मेट निघालं.

"जय भीम, मावशी. ओळखलं का?"

तोच. शर्ट मळका, दाढी वाढलेली, पण हसू तेच. अंजनाबाईने मान हलवली असावी, तिला आठवत नाही. तो म्हणाला, नवीन जागा घेतली, सामान लावतोय, परत तशाच चुंबळी पाहिजेत, तयार आहेत का? आता उठायचं होतं. उठायचं, हात वर करायचा, माळ काढायची. तिने उठायला जोर केला आणि पाय हललेच नाहीत. कमरेखाली आपलं काही उरलंच नाही असं तिला झालं. ती नुसती वर खिळ्याकडे बघत राहिली.

त्याने तिच्या नजरेमागे वर बघितलं, मग तिच्या पायांकडे.

"गुडघे धरलेत का हो? बसा, बसा तुम्ही," तो म्हणाला. "मी काढतो."

आणि त्यानेच हात वर करून माळ खाली काढली.

पुढचं सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. इस्त्रीचं टेबल आडवं झालं, तीन माणसं धावली, हेल्मेट घरंगळत गटारापर्यंत गेलं. त्याला भिंतीशी दाबून धरलं तेव्हा माळ अजून त्याच्या मुठीत होती. एक शिपाई घाईघाईत अंजनाबाईचा हात धरून तिला बाजूला ओढायला लागला, तसं आकाशने भिंतीवर चेपलेलं तोंड वळवलं.

"मावशीला हात लावू नका," तो म्हणाला. "त्यांना ह्यातलं काही माहीत नाही."

अंजनाबाई बसल्या जागी हंबरडा फोडून रडली. गल्लीला वाटलं, सुटली म्हणून रडते.

त्या दिवसापासून गल्लीत तिचा भाव वाढला. सपना मॅडमनी सगळ्यांसमोर तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, मावशींनी धीराने माळ काढली म्हणून तो सापडला. टेबलामागच्या हवालदाराला घाईत खाली आलेली माळ तेवढी दिसली होती. हात कुणाचा, ते त्याने कुठं बघितलं? कुंडलिकवरचं बालंट गेलं. संध्याकाळी त्याने नवा चष्मा सदऱ्याच्या टोकाने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे बघून म्हणाला, धीराची आहेस. एवढ्या दिवसांनी तो तिच्याशी नीट बोलला होता. ती काय सांगणार? गप्प बसली. परत एकदा गप्प बसली.

खटला दिंडोशीच्या कोर्टात चालेल, साक्षीला यावं लागेल, असं मॅडमनी सांगितलं आहे. वकील विचारतील, माळ कोणी काढली? मी काढली म्हणावं तर ते खोटं. त्यानेच काढली म्हणावं, तर गल्ली ऐकेल, मॅडम ऐकतील, आणि ज्याने नुकता कुठे तो चष्मा घातला आहे तोही ऐकेल. पण ह्या सगळ्यांची भीती एकीकडे. खरी भीती तिला त्या पिंजऱ्यातल्या माणसाची वाटते. तो अजून समजतो आहे, की मावशीला काही माहीत नव्हतं. आणि तिला त्याच्यासमोर उभं राहून, त्याच्याकडे बोट दाखवून सांगायचं आहे, की मी ह्याचीच वाट बघत बसले होते.